नौदल तळ, छावणी आणि पोलीस : झडती व अटकेच्या अधिकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे नागपूर आणि आसपासच्या वाचकांसाठी आहेत. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी नौदलात, वायुदलात वा लष्करात आहे, जे वायुसेनानगर, सोनेगाव किंवा कामठी परिसरात राहतात, आणि जे संरक्षण आस्थापनांत कंत्राटावर काम करतात, त्यांच्याकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. जिथे दुसऱ्या कायद्याचे नाव दिलेले नाही, तिथली कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत; पुढे तिचा उल्लेख फक्त ‘संहिता’ असा केला आहे.

नागपूरला समुद्र नाही. मग नौदल तळाचा कायदा आम्ही कशाला समजून घ्यायचा?

पहिले कारण असे की विदर्भातली अनेक मुले मुंबई, लोणावळा, कारवार, विशाखापट्टणम आणि कोची येथील नौदल आस्थापनांत नोकरी करतात, आणि तिथे काही घडले की पहिला फोन नागपूरच्या घरी येतो. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. पोलिसांच्या झडती-अटकेचा कायदा तिन्ही दलांसाठी जवळपास एकच आहे. मुंबईच्या नौदल गोदीच्या फाटकावर जो प्रश्न उभा राहतो, तोच वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडच्या किंवा कामठीच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या केंद्राच्या फाटकावरही उभा राहतो. फरक आहे तो प्रत्येक दलाच्या स्वतंत्र कायद्याचा : नौदलासाठी १९५७ चा नौदल कायदा, लष्करासाठी आणि वायुदलासाठी १९५० चे दोन वेगळे कायदे.

पोलिसांना नौदल तळात शिरण्याचा अधिकार आहे की नाही?

आहे. तळाच्या भिंतीपाशी पोलीस ठाण्याची हद्द संपते, असे सांगणारा कोणताही कायदा नाही. तळ ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो त्या ठाण्यातच तिथल्या चोरीचा, मारहाणीचा किंवा संशयास्पद मृत्यूचा गुन्हा नोंदवला जातो, आणि तपासही तेच पोलीस करतात. संहितेचे कलम १०३ सांगते की झडती घ्यायच्या बंद जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने वॉरंट दाखवल्यावर अधिकाऱ्याला आत येऊ दिले पाहिजे. ‘ताबा असलेली व्यक्ती’ म्हटल्यावर त्यात कमांडिंग अधिकारीही आलाच.

मात्र अधिकार असणे आणि तो कोणत्या रीतीने वापरायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळावर शस्त्रागार असते, पहाऱ्यावर सशस्त्र जवान असतात, आणि जागा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार ‘निषिद्ध ठिकाण’ असते. म्हणून प्रत्यक्षात ठाणेदार आधी कमांडिंग अधिकाऱ्याला किंवा स्टेशन मुख्यालयाला लेखी पत्र देतो, आतून एक अधिकारी सोबतीला नेमला जातो आणि सेवा-पोलीस, म्हणजे नौदलात नेव्हल पोलीस व लष्करात मिलिटरी पोलीस, तपास पथकाबरोबर चालतात. हे पत्र परवानगीची याचना नसते. ती कामाची रीत आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू ती समजुतीने पाळतात.

फाटकावर पोलिसांना अडवले तर?

कागदावरचे उत्तर सोपे आहे : वॉरंट दाखवूनही प्रवेश मिळाला नाही तर कलम १०३ पोलिसांना कलम ४४ मधील रीतीने, म्हणजे गरज पडल्यास दार तोडूनही, आत जाण्याची मुभा देते, आणि लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे व शिक्षा सांगणारा वेगळा कायदा) कलम २२१ खाली गुन्हा आहे. पण बंदूकधारी पहारेकऱ्यासमोर दार तोडण्याची भाषा कोणताही शहाणा ठाणेदार करणार नाही, आणि पहारेकरीही स्वतःच्या मर्जीने अडवत नसतो. वरचा आदेश येईपर्यंत थांबवणे हेच त्याचे काम असते. अशा वेळी पोलीस स्टेशन डायरीत नोंद घेतात, वरिष्ठांना कळवतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातात. तिढा सुटतो तो आयुक्त आणि स्टेशन कमांडर यांच्या पातळीवर. त्यात जाणारा वेळ मात्र पुराव्याच्या जिवावर उठू शकतो, आणि म्हणूनच नकाराची वेळ व कारण लिहून घेणे महत्त्वाचे ठरते.

तळावर झडती घेण्यासाठी वॉरंट लागतेच का?

नेहमी नाही. न्यायालय कलम ९६ खाली झडतीचे वॉरंट देते. चोरीचा माल ठेवल्याचा संशय असलेल्या जागेसाठी कलम ९७ आहे. याशिवाय कलम १८५ प्रमाणे तपासी अधिकारी वॉरंटाविनाही झडती घेऊ शकतो, परंतु त्यासाठी वस्तू तपासाला आवश्यक आहे आणि ती अन्य मार्गाने विनाविलंब मिळणार नाही, असे मानण्यास सबळ कारण असावे लागते. ते कारण आणि शोधायची वस्तू, दोन्ही त्याने आधी केस डायरीत लिहायची असतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. जागेच्या ताबेदाराने अर्ज केल्यास त्यालाही ती प्रत विनामूल्य मिळते.

नव्या संहितेने कलम १०५ मध्ये झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले आहे, आणि त्यासाठी शक्यतो मोबाईल वापरावा असेही म्हटले आहे. तळावर नेमका इथेच खडा लागतो, कारण अनेक संरक्षण आस्थापनांत मोबाईल फाटकावरच जमा करावा लागतो आणि छायाचित्रणाला मज्जाव असतो. माझ्या मते यावरचा योग्य मार्ग म्हणजे कोणत्या खोलीचे चित्रण होणार, कॅमेरा कोणाचा असणार आणि मूळ मुद्रण कोणाच्या ताब्यात राहणार, हे झडतीपूर्वीच कमांडिंग अधिकाऱ्याशी लेखी ठरवून घेणे. चित्रण टाळून केलेला पंचनामा बचावपक्षाच्या वकिलाच्या हाती आयता मुद्दा देतो.

पंच कुठून आणायचे? तळावर ‘स्वतंत्र’ साक्षीदार मिळतो का?

कलम १०३ त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून मागते, आणि तसे कोणी मिळत नसल्यास अन्य भागातलेही चालतात. त्यामुळे पोलीस बाहेरून पंच आणू शकतात, पण त्यांना पास मिळवून द्यावे लागतात. तळावरचेच दोन जवान पंच म्हणून उभे केले तर पंचनामा आपोआप रद्द होत नाही, मात्र ज्या युनिटमधला आरोपी त्याच युनिटमधले पंच असतील तर उलटतपासणीत त्यांच्या स्वतंत्रपणाची चिरफाड होणार हे गृहीत धरावे. झडतीत सापडलेल्या वस्तूंची यादी पंचांच्या सहीनिशी तयार होते आणि तिची प्रत जागेच्या ताबेदाराला द्यावी लागते. ही प्रत मागून घ्यावी. ती न मागण्याची चूक फार जण करतात.

गोपनीय कागदपत्रे पोलीस उचलून नेऊ शकतात का?

आरोपीच्या कपाटातला खासगी मोबाईल आणि जहाजाच्या हालचालींची फाईल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कलम ९४ खाली पोलीस कागद हजर करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात, पण राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित शासकीय अभिलेखांवरून साक्ष द्यायची असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२९ प्रमाणे विभागप्रमुखाची परवानगी लागते. म्हणून असे कागद बहुधा सीलबंद करून, नौदलाच्या प्रतिनिधीसमोर, न्यायालयाच्या आदेशाने हाताळले जातात.

गणवेशातल्या नौसैनिकाला पोलीस अटक करू शकतात का?

गैरसमज सर्वाधिक याच प्रश्नाभोवती आहेत, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

संहितेचे कलम ४२ सांगते की सशस्त्र दलाच्या सदस्याला त्याने शासकीय कर्तव्य बजावताना केलेल्या, किंवा कर्तव्य म्हणून केल्याचे सांगितलेल्या, कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या संमतीशिवाय अटक करता येणार नाही. कवच आहे ते कृत्याला, गणवेशाला नाही. सुट्टीवर आलेला नाविक वर्धा रोडवर दारू पिऊन गाडी चालवतो, शेजाऱ्याचे डोके फोडतो किंवा कोणाची आर्थिक फसवणूक करतो, तेव्हा त्यात कर्तव्याचा काहीही संबंध नसतो, आणि ठाणेदार त्याला इतर कोणाही नागरिकाप्रमाणे अटक करू शकतो. उलट शस्त्रसाठ्याच्या ताफ्याला संरक्षण देताना, आदेशानुसार केलेल्या कारवाईत कोणी जखमी झाले, तर तिथे कलम ४२ आड येईल.

हे संरक्षण सीमाभागापुरते किंवा अशांत क्षेत्रापुरते नाही. ते देशभर लागू आहे. मात्र ते अटकेपुरतेच आहे. गुन्हा नोंदवणे, जबाब घेणे, पुरावा गोळा करणे यांना ते थांबवत नाही. न्यायालयाने दखल घेण्याचा टप्पा आला की वेगळे कलम, २१८, लागू होते, आणि कर्तव्यावरील कृत्य असेल तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही दोन कलमे एकमेकांत मिसळल्यामुळे ‘फौजीवर गुन्हाच दाखल होत नाही’ असे लोक म्हणतात, आणि कधीकधी ठाण्यातला अंमलदारही तेच सांगून तक्रारदाराला परत पाठवतो. ते चूक आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की कलम १७३ खाली नोंद झालीच पाहिजे, मग हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी.

कर्जबाजारीपणा किंवा दिवाणी देणे यासाठी जवानाला अटक करता येत नाही, हे मात्र खरे आहे. लष्कर कायद्याच्या कलम २९ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे.

मुलगा सुट्टीवर नागपूरला आलेला असताना मुंबईचे पोलीस त्याला घरातून नेऊ शकतात का?

होय. गुन्हेगाराचा पाठलाग करत पोलीस भारतात कुठेही अटक करू शकतात (कलम ४५). अटकेची कारणे तिथल्या तिथे सांगणे (कलम ४७), नातेवाईक किंवा मित्राला कळवणे (कलम ४८) आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे (कलम ५८) ही बंधने त्यांच्यावर आहेत. मुंबईपर्यंतचा प्रवास लांबचा असल्याने पोलीस सहसा नागपूरच्याच न्यायदंडाधिकाऱ्याकडून प्रवासी कोठडी घेतात, आणि तिथे तुमच्या वकिलाला हजर राहता येते. अटक करायची व्यक्ती महिला असेल तर अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा असल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

अटकेनंतर खटला कुठे चालणार : नेहमीच्या न्यायालयात की कोर्टमार्शलमध्ये?

अनेक गुन्हे असे आहेत की त्यांवर दोन्हीकडे खटला चालू शकतो. लष्कर कायद्याचे कलम १२५ ही निवड प्रथम सक्षम लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवते, आणि कलम १२६ फौजदारी न्यायालयाला आरोपीची मागणी करण्याचा अधिकार देते. मतभेद झाल्यास केंद्र सरकार निर्णय करते. तिन्ही दलांच्या बाबतीत संहितेच्या कलम ५२१ खाली आणि १९७८ च्या अधिकारक्षेत्र-समायोजन नियमांप्रमाणे न्यायदंडाधिकारी आरोपीच्या कमांडिंग अधिकाऱ्याला लेखी सूचना देतो व १५ दिवस थांबतो. त्या मुदतीत दलाने आरोपी मागितला तर त्याला त्यांच्या ताब्यात दिले जाते. पोलिसांनी केलेला तपास वाया जात नाही. तोच कोर्टमार्शलमध्ये वापरला जाऊ शकतो.

सेवाकायद्याखाली नसलेल्या नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार, हे गुन्हे मात्र वेगळे आहेत. सक्रिय सेवेवर असताना, भारताबाहेर, किंवा केंद्र सरकारने निर्दिष्ट केलेल्या ठिकाणी ते घडले तरच सेवा-न्यायालय त्यांची सुनावणी करू शकते. एरवी ते नेहमीच्या सत्र न्यायालयातच चालतात. लष्कर कायद्याचे कलम ७० हेच सांगते आणि नौदल कायद्यातही तशीच तरतूद आहे.

नानावटी प्रकरणात नौदलाने आरोपीला पोलिसांपासून लपवले होते, असे ऐकतो. खरे काय?

लपवले नव्हते, पण ताबा कोणाचा हा वाद थेट घटनापीठापर्यंत गेला, आणि आजच्या विषयासाठी त्या प्रकरणाचा हाच भाग सर्वांत उपयोगी आहे.

कमांडर कावस नानावटी हे आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर ते आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे (सेवा-पोलिसांच्या प्रमुखाकडे) गेले आणि मग पोलीस उपायुक्तांसमोर हजर झाले. मृत व्यक्ती नागरिक होती, म्हणून खटला सत्र न्यायालयातच चालला, पण न्यायदंडाधिकाऱ्याने त्यांना नौदलाच्या कोठडीत ठेवण्याची मुभा दिली. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली.

त्याच दिवशी मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या अनुच्छेद १६१ खाली आदेश काढला : सर्वोच्च न्यायालयातील अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर आरोपी आयएनएस कुंजाली येथे नौदलाच्या ताब्यात. न्यायालयाचे अटक वॉरंट घेतलेल्या पोलीस अधिकाऱ्याला ‘राज्यपालांच्या आदेशामुळे बजावता आले नाही’ असा शेरा मारून ते परत करावे लागले. सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने ठरवले की प्रकरण न्यायप्रविष्ट असताना, न्यायालयाच्या नियमाला छेद देईल अशा रीतीने राज्यपालांचा हा अधिकार चालणार नाही. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी शिक्षाही कायम झाली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या वॉरंटाला नौदलाच्या कायद्याने थांबवले नव्हते. थांबवले ते राज्यपालांच्या आदेशाने. नौदलाच्या कोठडीत असलेल्या माणसापर्यंत न्यायालयाचा हात पोहोचू शकत नाही, असे या प्रकरणात कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही.

नेव्हल पोलीस किंवा मिलिटरी पोलीस सामान्य नागरिकाला अटक करू शकतात का?

सेवाकायद्याखालच्या व्यक्तींवर त्यांचा अधिकार आहे. सामान्य नागरिकावर पोलीस म्हणून नाही. पण कलम ४० कोणाही व्यक्तीला, आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडण्याचा अधिकार देते, आणि तो जवानालाही आहे. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. त्याला तळावरच्या कोठडीत रात्रभर बसवून ‘चौकशी’ करणे या कलमात बसत नाही.

फाटकावरची तपासणी निराळी. पास घेताना तुम्ही पिशवी, डबा व गाडी तपासू देण्याची अट मान्य केलेली असते. ते नको असेल तर आत जाऊ नये. मात्र नकार दिला म्हणून कोणी तुमच्या अंगाची जबरदस्तीने झडती घेऊ शकत नाही.

तळावर किंवा संरक्षण कारखान्यात काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कलम ४२ चे संरक्षण आहे का?

नाही. ते सशस्त्र दलाच्या सदस्यांपुरते आहे. नौदल गोदीतला फिटर किंवा अंबाझरीच्या आयुध निर्माणीतला कामगार संरक्षण खात्यासाठी काम करत असला तरी तो सशस्त्र दलाचा सदस्य नसतो. २०१९ मध्ये कोची गोदीत बांधणी सुरू असलेल्या ‘विक्रांत’ विमानवाहू नौकेवरून संगणकाचे भाग चोरीला गेले, तेव्हा आधी केरळ पोलिसांनी आणि नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने तपास केला, आणि २०२० मध्ये तिथे काम केलेल्या दोन कंत्राटी कामगारांना अटक झाली. जहाज तेव्हा नौदलाच्या ताब्यात आलेलेच नव्हते, त्यामुळे सेवाकायद्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

‘निषिद्ध ठिकाणा’जवळ फोटो काढला तर काय होऊ शकते?

शासकीय गुपिते अधिनियमातील व्याख्येत नौदल, लष्कर व वायुदलाची ठाणी, शस्त्रागारे, जहाजे, विमाने, गोद्या असे सगळे येते. हेतू देशाच्या सुरक्षिततेला बाधक असेल आणि विषय संरक्षणाचा असेल तर कलम ३ खाली १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. झडतीच्या दृष्टीने या कायद्याचे कलम ११ लक्षात ठेवण्यासारखे आहे : साधारणपणे वॉरंट न्यायदंडाधिकारी देतो, पण अत्यंत निकडीची वेळ असल्यास पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी स्वतःच्या लेखी आदेशाने तसाच अधिकार देऊ शकतो. इतर कायद्यांत पोलिसांना इतकी मोकळीक सहसा मिळत नाही. दुसऱ्या बाजूने, सरकारने अधिकृत तक्रार केल्याशिवाय न्यायालय या कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेत नाही.

विमानतळाच्या रस्त्यावरून जाताना कुतूहलापोटी विमानाचा फोटो घेणारा कॉलेजकुमार हेर नसतो, हे पोलिसांनाही कळते. पहारेकऱ्याने हटकले तर थांबावे, ओळखपत्र दाखवावे, वाद घालू नये. निषिद्ध ठिकाणाजवळ पहाऱ्यावरच्या जवानाला किंवा पोलिसाला अडथळा आणणे हाच शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम ७ खाली वेगळा गुन्हा आहे. ड्रोनच्या बाबतीत तर कुतूहल ही सबबच चालणार नाही : ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. तिथे फिरायला गेलो तर हे सगळे लागू होते का?

होय. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी अशा ठरावीक दिवशी तो नागरिकांसाठी उघडतात, आणि त्या दिवशीही फाटकावरच्या सूचना पाळायच्या असतात.

कामठी छावणीत पोलिसांचा अधिकार कमी असतो का?

नाही. छावणी ही छावणी अधिनियम, २००६ खालची स्थानिक कारभाराची व्यवस्था आहे. पाणी, रस्ते, बांधकाम परवाना यांचा कारभार तिथे छावणी मंडळ पाहते. बाजार, वस्ती, शाळा असलेल्या नागरी भागात पोलीस इतर कुठल्याही मोहल्ल्याप्रमाणेच येतात-जातात, आणि त्यासाठी कमांडरला पत्र द्यावे लागत नाही. पत्रव्यवहाराची रीत सुरू होते ती युनिट, शस्त्रागार किंवा प्रशिक्षण केंद्राच्या फाटकापासून.

सरकारी क्वार्टरमध्ये पतीकडून मारहाण होत असेल तर पोलीस आत येतील का?

येतील, आणि त्यांनी यायलाच हवे. पत्नीला मारहाण हे कर्तव्य नाही, त्यामुळे कलम ४२ इथे लागूच होत नाही. ११२ वर फोन करता येतो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, आणि छळाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा दाखल होतो. अनेक महिलांना आधी युनिटच्या कल्याण शाखेकडे जाण्याचा सल्ला दिला जातो. तो मार्ग कधीकधी उपयोगी ठरतो, विशेषतः पतीच्या पगारातून पोटगीची सोय करून घेण्यासाठी. पण ती पोलिसांकडे जाण्याची पूर्वअट नाही, आणि तसे कोणी सांगितल्यास मानू नये.

जवान पळून घरी आला असेल तर पोलीस वॉरंटाविना नेऊ शकतात का?

लष्कराच्या बाबतीत लष्कर कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे कमांडिंग अधिकारी पोलिसांना लेखी कळवतो, आणि पोलीस पळपुटा असल्याचा वाजवी संशय असलेल्या व्यक्तीला वॉरंटाविना पकडून जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेऊ शकतात. वायुदलातही असेच आहे. घरच्यांनी त्याला जाणूनबुजून दडवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, मात्र पत्नीने किंवा पतीने आश्रय दिल्यास त्याला सूट आहे. आईवडिलांना ही सूट नाही. रजा संपूनही मुलगा घरीच आहे हे दिसत असेल तर त्याला स्वतःहून जवळच्या युनिटमध्ये हजर करणे हाच शहाणपणा. स्वतः हजर होणाऱ्याकडे आणि पकडून आणलेल्याकडे शिक्षा ठरवताना एकाच नजरेने पाहिले जात नाही.

नौदलाचा गणवेश घालून कोणी तळावर आले तर?

सैनिक नसताना सैनिकाचा गणवेश, सैनिक असल्याचे भासवण्यासाठी, घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एवढी सौम्य शिक्षा आजच्या काळात तोकडी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये कुलाब्याच्या नेव्हीनगरात गणवेशातल्या एका इसमाने पहाऱ्यावरच्या नाविकाची रायफल पळवली. तपास मुंबई पोलिसांनी हाती घेतला आणि तेलंगणातून दोघा भावांना पकडले. आतली चौकशी नौदलाने, बाहेरचा पाठलाग पोलिसांनी, असे काम अशा वेळी वाटले जाते.

युद्धनौकेवर पोलीस चढू शकतात का? आणि परदेशी युद्धनौकेवर?

बंदरात उभ्या भारतीय युद्धनौकेला तळासारखीच रीत लागू होते. परदेशी युद्धनौका मात्र त्या देशाच्या सार्वभौम संरक्षणाखाली असते, आणि कप्तानाच्या संमतीशिवाय तिच्यावर आपले पोलीस पाऊल ठेवू शकत नाहीत. व्यापारी जहाजाला हे संरक्षण नसते. २०१२ मध्ये ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून दोन भारतीय मच्छीमार मारले गेले, तेव्हा केरळ पोलिसांनी त्यावरच्या दोन इटालियन नौसैनिकांना अटक केली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा अधिकार केरळचा नसून केंद्राचा असल्याचे ठरवले.

दलाच्याच कोठडीत असलेल्या मुलाचा ठावठिकाणा कळत नसेल तर कुटुंबाने काय करावे?

प्रथम कमांडिंग अधिकाऱ्याला लेखी पत्र, स्पीड पोस्टने आणि ईमेलने, पाठवावे. त्यात सेवा क्रमांक, हुद्दा आणि शेवटचा संपर्क कधी झाला ते लिहावे. लष्कर कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे आरोपाची चौकशी सुरू न करता कोणाला ४८ तासांहून अधिक ताब्यात ठेवू नये, हे पाहणे कमांडिंग अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. सेवेच्या निकडीमुळे ते शक्य नसल्यास तसा अहवाल वर पाठवावा लागतो. तरीही उत्तर मिळाले नाही तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची) याचिका दाखल करण्याचा विचार वकिलाशी बोलून करावा. अनुच्छेद ३३ मुळे संसद सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालू शकते, पण बेकायदा कोठडीविरुद्ध न्यायालयात जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर कोणती कलमे लागू होतील?

त्या दिवशी जो तपास, चौकशी, खटला किंवा अपील प्रलंबित होते ते संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालीच पुढे चालते. तिथे कलम ४२ ऐवजी ४५, २१८ ऐवजी १९७, १८५ ऐवजी १६५ आणि ५२१ ऐवजी ४७५ असे वाचावे. गुन्हा ठरवण्यासाठी मात्र घटनेच्या तारखेला लागू असलेली भारतीय दंड संहिताच पाहिली जाते, मग एफआयआर नंतर नोंदवला गेला असला तरी.